दोन हजार वॉटांची पेटी

यंदा दसऱ्याला आमच्या घरी सोने आले नाही, प्लॅटिनम आले. कन्येने आणलेल्या खोक्यावर तसे चक्क छापलेलेच होते. आमच्या हिने मोठ्या उत्सुकतेने खोके उघडले. आतून पंखा लावलेली काळी, विटेसारखी जड पेटी निघाली, तेव्हा ती काही न बोलता चकलीच्या भाजणीकडे वळली.

ही पेटी म्हणजे संगणकाचा पॉवर सप्लाय. भिंतीतली २३० व्होल्टची वीज घ्यायची आणि आतल्या कार्डांना १२ व्होल्टची करून द्यायची, एवढेच तिचे काम. पण ही होती २००० वॉटची!

"अहो, म्हणजे गीझर अहोरात्र चालू ठेवल्यासारखेच की!" स्वयंपाकघरातून आवाज आला.

तसे नसते, वाचकहो. घरात पंचवीस माणसांचे पातेले असले म्हणून रोज पंचवीस माणसांचा भात शिजत नाही. पेटी मागणीपुरतीच वीज घेते. प्लॅटिनम हे तिच्या काटकसरीचे प्रमाणपत्र. निम्म्या भारावर शंभर वॉट घेतले तर सहा-सातच वाया जातात.

आमची कन्या यंत्राला मोडी लिपी वाचायला शिकवते आहे. त्यासाठी आरटीएक्स ४०९० ही दोन कार्डे. प्रत्येकाची भूक ४५० वॉट. प्रोसेसर आणि बाकीचा लवाजमा धरून साडेतीनशे. एकूण १२५०. जुनी पेटी १००० वॉटची होती. तिने दोनदा मध्यरात्री मान टाकली आणि दुसऱ्या वेळी तीन दिवसांचे काम पाण्यात गेले. प्रबंध मार्गशीर्षात द्यायचा. पोरीचे डोळे रडून सुजले होते. शिवाय ही कार्डे क्षणभर एकदम उसळी मारतात. म्हणूनच २०२२च्या एटीएक्स ३.० या प्रमाणात अशी अट आली की शंभर मायक्रोसेकंद का होईना, पेटीने दुप्पट भार सोसला पाहिजे. तेव्हा मोठी पेटी हा काही पोरीचा शौक नव्हता.

परीक्षा मी घेतली. माझी उभी हयात वीजमीटर तपासण्यात गेली. पेन्शनीतल्या माणसाला असा योग वारंवार येत नाही. पेटीच्या वायरीला जाड १६ अँपिअरची पिन. खोलीत मात्र ६ अँपिअरचाच सॉकेट. कन्येने बाजारातून एक जोडतुकडा आणला होता. मध्ये वॉटमीटर लावला, कार्डे पूर्ण भारावर सोडली. आकडा १३४५ वर स्थिरावला. पेटी थंड, पंखा शांत. तिला पैकीच्या पैकी गुण द्यायला हरकत नव्हती.

संध्याकाळी सात वाजता मात्र व्होल्टेज २०५वर उतरले. दिवा अशा वेळी मंदावतो आणि वीजही कमी घेतो. ही पेटी उलटी! व्होल्टेज पडले की तेवढेच वॉट पुरे करायला ती जास्त प्रवाह ओढते. पावणेसहा-सहा अँपिअर होते ते साडेसहा झाले. मी जोडतुकड्याला हाताची मागची बाजू लावली आणि झटकन काढून घेतली. भाजणीच्या खमंग वासात दुसराच एक वास मिसळला होता.

"बंद कर!" मी ओरडलो.

"बाबा, चाळीस मिनिटांचंच राहिलंय हो!"

"बाळ, घर राहिलं तर चाळीस मिनिटं सापडतील."

तिने बंद केले, पण रात्री जेवली नाही. माझ्याही घशाखाली घास उतरला नाही.

दुसऱ्या दिवशी वायरमन आला. त्याने सॉकेट उघडून दाखवला. आतली वायर काळवंडलेली. "काका, पेटी चांगलीय, भिंतच म्हातारी झालीय," तो म्हणाला. मेन बोर्डापासून जाड वायरीची स्वतंत्र लाइन आणि १६ अँपिअरचा सॉकेट बसला. त्या खर्चात हिचा ओव्हन गेला, हे नमूद करणे भाग आहे. कार्डांकडे जाणाऱ्या केबलींची टोके मी शेवटपर्यंत दाबून बसली आहेत ना ते पाहिले. अर्धवट बसलेली टोके वितळल्याच्या तक्रारी २०२२ साली गाजल्या होत्या. कन्येनेही कार्डांना ३५० वॉटांचा लगाम घातला. काम थोडेसेच मंदावले.

नरकचतुर्दशीच्या पहाटे गीझर आणि पेटी दोन्ही एकदम चालू होती. मी ओल्या अंगाने जाऊन सॉकेटला हात लावणार होतो. हिने ओरडून मागे खेचले. फराळाच्या वेळी यंत्राने माझ्या आजोबांच्या जमाखर्चाची पहिली ओळ वाचली : तूप अडीच शेर.

"केवढ्याला?" हिने विचारले.

रकमेवर नेमका शाईचा डाग होता.