उत्तरांची खरी कसोटी

विधिमंडळातील प्रश्नोत्तराचा तास हा लोकशाहीच्या जमाखर्चाचा तास होय. ऑगस्ट 2024 मध्ये बदलापूरच्या शाळेत दोन बालिकांवर अत्याचार झाला. फिर्याद नोंदविण्यास विलंब लागला, लोक रेल्वेच्या रुळांवर उतरले, उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. वास्तविक 2012 च्या पॉक्सो कायद्याने अशी माहिती पोलिसांस कळविणे बंधनकारक केले आहे, आणि शाळांतून सखी सावित्री समित्या स्थापण्याचा शासननिर्णय मार्च 2022 चा. उणीव नियमांची नव्हती, अंमलाची होती.

धाराशिवाशी याचा संबंध काय, असे कोणी विचारील. भूम, परंडा, वाशी, कळंब या भागांतून कुटुंबे ऊसतोडीस जातात. त्यांची मुले शाळेस व अंगणवाडीस अंतरतात किंवा आजीआजोबांच्या हवाली राहतात. नागपूरचे हिवाळी अधिवेशनही ऐन त्याच हंगामात भरते. तेथे आमच्या जिल्ह्याच्या चारही आमदारांनी समित्या स्थापन झाल्या काय, एवढेच विचारून थांबू नये. त्यांच्या बैठका केव्हा झाल्या, तक्रारींचे पुढे काय झाले, हेही विचारावे. मंत्र्यांच्या वचनांचा पाठपुरावा करण्यास विधिमंडळाची आश्वासन समिती आहेच. ‘माहिती घेण्यात येत आहे’ हे उत्तर मंत्र्यांस सोयीचे असेल. बालकांस त्याचा आधार नाही, असे आम्हांस स्पष्टपणे म्हणावयाचे आहे.