रक्ताचा रोग आणि खुब्याचे हाड

हाड म्हणजे शरीराचा निर्जीव आधार, घराच्या खांबासारखा, अशी समजूत सुशिक्षितांतही आढळते. शाळेच्या प्रयोगशाळेतील सांगाडा पाहून ती अधिकच दृढ होते. परंतु तो सांगाडा मृताचा असतो, हे आपण विसरतो. जिवंत हाडात रक्त खेळते. त्याच्या जाळीदार पोकळ्यांत रक्तकण जन्मास येतात, आणि प्रौढ मनुष्याच्या सांगाड्याचा सुमारे दहावा हिस्सा दरवर्षी मोडून पुन्हा बांधला जातो. अस्थिभंजक पेशी जुने हाड विरघळवितात व अस्थिजनक पेशी त्यांच्यामागून नवे रचीत जातात. हाडातच गाडल्या गेलेल्या अस्थिपेशी कोठे भार वाढला, कोठे सूक्ष्म तडा गेला, याची वर्दी या दोघींस देतात. गेल्या तीस वर्षांतील अस्थिविज्ञानाचे पुष्कळसे संशोधन या तीन प्रकारच्या पेशींच्या परस्परव्यवहाराविषयी आहे. विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात ‘रँकल’ या प्रथिनाचा शोध लागला, आणि अस्थिभंजक पेशींना कामास जुंपणारा संदेश कोणता, हे कळून आले. वृद्धांच्या ठिसूळ हाडांवरील एक प्रभावी औषध त्या शोधातूनच निघाले.

या ज्ञानाचा छत्तीसगडमधील भिलाईशी काय संबंध, असे वाचक विचारतील. संबंध निकटचा आहे, आणि तो रक्तावाटे येतो.

भिलाई ज्या पट्ट्यात वसले आहे, तो सिकलसेल रोगाचा पट्टा आहे. या रोगात रक्तातील तांबड्या कणांचा आकार प्राणवायू कमी पडताच विळ्यासारखा वाकडा होतो व ते ताठर बनतात. रायपूर येथील संशोधकांनी छत्तीसगडमधील तीन लाखांहून अधिक लोकांची तपासणी करून २०११ साली जो वृत्तांत प्रसिद्ध केला, त्यात दर शंभरांत सुमारे नऊजण या दोषाचे वाहक आढळले. मराठी वाचकाने हा प्रांत परका मानू नये. १९५६ पर्यंत दुर्ग जिल्हा नागपूर राजधानी असलेल्या राज्यातच होता. आणि मध्य भारतातील या दोषाविषयीचा आरंभीचा महत्त्वाचा लेख शुक्ल व सोळंकी यांनी नागपुरातील निरीक्षणांवरून १९५८ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केला होता. त्याच सुमारास, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी, भिलाईच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाले. गडचिरोली, गोंदिया, राजनांदगाव, दुर्ग अशी ही सलग भूमी आहे, आणि तिच्यात हा रोग राज्यांच्या सीमा जाणत नाही. तो केवळ आदिवासींचा रोग आहे, ही समजूतही चुकीची आहे; शेतकरी व कारागीर जातींतही तो पुष्कळ आढळतो.

रोगाचे मूळ फार लहान आहे. हीमोग्लोबिनच्या एका साखळीतील सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन हे अमिनो आम्ल येते, एवढाच तो फरक. इन्ग्रॅम यांनी १९५६–५७ साली तो दाखवून दिला. त्या एका फरकाचे परिणाम मात्र सर्व शरीरास भोगावे लागतात, आणि त्यांतील फार मोठा वाटा हाडांच्या पदरी येतो. सहा महिन्यांच्या पुढील बालकाचे हातपाय एकाएकी सुजतात, तेव्हा घरातील माणसे किडा चावला असे समजतात; वस्तुतः बोटांच्या व तळव्यांच्या हाडांतील मज्जेचा रक्तपुरवठा तुटलेला असतो. मोठ्या मुलांत हाडांत जंतुसंसर्ग होतो, पाठीचे मणके मधोमध खचतात. परंतु तरुणपणी मनुष्यास कामातून उठविणारा विकार म्हणजे खुब्यातील मांडीच्या हाडाच्या गोल माथ्याचा मृत्यू. प्रस्तुत लेखाचा खरा विषय तोच आहे.

खुब्यालाच हे का व्हावे? मांडीच्या हाडाचा माथा खोबणीत खोल बसलेला असतो, आणि त्यास रक्त पोहोचविणाऱ्या वाहिन्या मोजक्या, बारीक व मानेवरून वळसा घेऊन जाणाऱ्या असतात. एक बंद पडली तर तिचे काम दुसरी सहसा करू शकत नाही. त्यातच सिकलसेलच्या रोग्यात रक्तकण लवकर मरत असल्याने मज्जा दुप्पट जोमाने वाढते, हाडातील मर्यादित जागा व्यापते, आणि तेथील संथ, प्राणवायूहीन प्रवाहात वाकड्या कणांची कोंडी होते. त्या भागातील अस्थिपेशी मरतात. येथे एक गोष्ट मुद्दाम ध्यानात घ्यावी: मेलेले हाड लगेच दुबळे होत नाही. कित्येक महिने ते पूर्वीइतकाच भार पेलते, आणि क्ष-किरण चित्रात काहीही दिसत नाही. दुबळेपणा येतो तो दुरुस्ती सुरू झाल्यावर. मृत भागाच्या कडेवर अस्थिभंजक पेशी येऊन पोहोचतात व जुने हाड काढू लागतात; नवे हाड त्या वेगाने भरले जात नाही; आणि या दरम्यान चालणे, जिने चढणे, ओझी उचलणे हे सारे चालूच असते. शेवटी कूर्चेखालचा पापुद्रा मोडून माथा चपटा होतो. त्यानंतर सांधा पुन्हा पूर्ववत होत नाही.

अस्थिभंजक पेशींना आवर घालणारी औषधे या अवस्थेत द्यावीत, ही कल्पना तर्कशुद्ध आहे. अन्य कारणांनी होणाऱ्या अशाच विकारात तिचे प्रयोगही झाले आहेत; पण त्यांचे निष्कर्ष परस्परांशी जुळत नाहीत. कल्पना तर्कशुद्ध असली म्हणजे औषध लागू पडतेच असे नाही, हे वैद्यकात वारंवार दिसून येते.

आता आपल्या प्रांताविषयी. भारतात आढळणारा सिकलसेल हा सौम्य प्रकार होय, असे दीर्घकाळ सांगितले गेले. त्यास आधारही होता. आपल्याकडील रोग्यांत भ्रूणावस्थेतील हीमोग्लोबिन मोठेपणीही बरेच शिल्लक राहते, आणि ते रक्तकणांना वाकडे होऊ देत नाही. आल्फा थॅलॅसेमिया हा दुसरा दोषही मध्य भारतातील आदिवासी समाजांत पुष्कळ आहे, व त्याच्या साहचर्याने रक्तक्षय कमी होतो. परंतु खुब्याचा हिशेब निराळा आहे. अमेरिकेत २,५९० रोग्यांची पाहणी करून १९९१ साली जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात सुमारे दहा टक्क्यांच्या खुब्यांत अस्थिमृत्यू आढळला. आणि ज्यांच्यात आल्फा थॅलॅसेमियाही होता, त्यांना त्याचा धोका अधिक होता. कारण उघड आहे. रक्तात कण अधिक असले म्हणजे रक्त दाट होते, आणि दाट रक्त अरुंद वाहिन्यांत लवकर अडते. म्हणजे ज्याच्या रक्ताचा अहवाल वैद्यास समाधानकारक वाटतो, त्याचाच खुबा धोक्यात असण्याचा संभव आहे. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील बालरोगतज्ज्ञ डॉ. दीप्ती जैन व त्यांच्या सहकाऱ्यांच्या कामामुळे मध्य भारतातील रोग सौम्यच असतो या समजुतीस बराच धक्का बसला. माझ्या मते ‘सौम्य’ हा शब्द या रोगापुरता तरी टाकून द्यावा. त्याने वैद्य निश्चिंत होतो, आणि रोगी आपली तक्रार सांगण्यास संकोचतो.

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन अभियानाचा आरंभ झाला. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची रक्ततपासणी, त्यांना कार्डे, विवाहापूर्वी सल्ला, आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, असे त्याचे स्वरूप आहे. अभियान स्तुत्य आहे, यात शंका नाही. पण ‘निर्मूलन’ या शब्दाचा रोख पुढच्या पिढीकडे आहे. आज जे जन्मले आहेत, त्यांच्या रक्ताची नोंद करून आपण थांबलो, तर त्यांच्या हाडांचे काय होणार? पेनिसिलिन, लसी व हायड्रॉक्सियुरिया यांमुळे पूर्वी बालपणीच दगावणारी मुले आता मोठी होत आहेत. हायड्रॉक्सियुरियाने वेदनेचे झटके पुष्कळ कमी होतात, हे १९९५ सालच्या अमेरिकन प्रयोगाने सिद्ध केले. ते खुब्याचे रक्षण करते, असे मात्र सिद्ध झालेले नाही. तेव्हा बालमृत्यू जसजसे घटतील, तसतसे खुब्याने अधू झालेले तरुण वाढणार, आणि हे अभियानाच्या यशाबरोबरच घडणार. त्याची तयारी आजच करावयास हवी.

यावर एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो पोकळ नाही. लवकर निदान करून लाभ काय? फ्रान्समधील एर्निगू व त्यांच्या सहकाऱ्यांनी लक्षणे नसलेले, पण एमआरआयमध्ये दोष दिसलेले खुबे दीर्घकाळ पाहिले. २००६ साली त्यांनी कळविले की दहांतील सुमारे नऊ खुबे पुढे दुखू लागले आणि तीन-चतुर्थांशांहून अधिक खचले. त्याच वर्षी अमेरिकेतील एका प्रयोगाचा निष्कर्ष आला: हाडास छिद्र पाडून आतील दाब उतरविण्याची शस्त्रक्रिया व व्यायामोपचार एका गटास, आणि केवळ व्यायामोपचार दुसऱ्या गटास दिले असता तीन वर्षांनी दोहोंत उल्लेखनीय फरक आढळला नाही. प्रयोग लहान होता हे खरे. ज्यास शस्त्रक्रियेवाचून गत्यंतर नाही असे वाटते, तो यावरून निराश होईल. मला मात्र त्यात दुसरा अर्थ दिसतो. खुब्याभोवतीचे स्नायू बळकट ठेवणारा व्यायाम, दुखऱ्या काळात कुबड्यांचा आधार, आणि भाराचे काम टाळणे या स्वस्त उपायांना शस्त्रक्रियेच्या बरोबरीने उभे राहता येते, आणि ते तालुक्याच्या ठिकाणीही करता येतात. अर्थात माथा खचण्यापूर्वी ते सुरू झाले पाहिजेत. पंचविशीत बसविलेला कृत्रिम सांधा आयुष्यभर पुरण्याचा संभव कमी, आणि सिकलसेलच्या रोग्यात त्या शस्त्रक्रियेस जंतुसंसर्गाचा व सांधा ढिला होण्याचा धोका अधिक असतो.

भिलाईच्या कारखान्यात रेल्वेचे रूळ तयार होतात. रुळाच्या पोटात तडा आहे की काय, हे रेल्वे श्राव्यातीत ध्वनिलहरी सोडून तपासते. गाडी घसरेपर्यंत कोणी वाट पाहत नाही. एवढी दक्षता रूळ घडविणाऱ्याच्या खुब्याच्या वाट्यास येऊ नये, हे विचित्र आहे. आणि त्यास लागणारी साधने तर अगदी थोडी आहेत.

सिकलसेलचे निदान झालेल्या प्रत्येक मुलाचा खुबा दहाव्या वर्षापासून वर्षातून एकदा हाताने तपासावा. रुग्णास पाठीवर निजवून खुबा व गुडघा काटकोनात दुमडावा आणि पाऊल हलकेच बाहेरच्या बाजूस न्यावे. त्यायोगे मांडी आतल्या बाजूस फिरते. ही हालचाल दुखरी वा अपुरी असेल, तर संशय धरावा. जांघेतील दुखणे तर विचारावेच, पण गुडघ्याचेही विचारावे. कारण खुब्यातील वेदना पुष्कळदा गुडघ्यात जाणवते, आणि असे कितीतरी रुग्ण गुडघ्यास मलम चोळीत वर्ष घालवितात. क्ष-किरण चित्र निर्दोष असूनही तक्रार टिकली, तर एमआरआय करावा. हाताच्या परीक्षेत मूक अवस्था सापडत नाही, हे मान्य. पण आज तक्रार घेऊन आलेला रुग्णही ‘हा सिकलसेलचाच त्रास’ म्हणून वेदनाशामक गोळ्या घेऊन परत जातो, तेवढे तरी थांबेल.

या कामी भिलाईसारख्या गावास एक विशेष सोय आहे. सेक्टर ९ मधील जवाहरलाल नेहरू रुग्णालय हे कारखान्याच्या कर्मचाऱ्यांचे व त्यांच्या कुटुंबांचे रुग्णालय. जेथे बाप, मुलगा व नातू एकाच दाराशी येतात, तेथे एकेका खुब्याचा वीस वर्षांचा इतिहास लिहिला जाऊ शकतो. आल्फा थॅलॅसेमिया व भ्रूणीय हीमोग्लोबिन या दोहोंच्या एकत्र प्रभावाखाली मध्य भारतीय खुब्याचे काय होते, या प्रश्नाचे उत्तर पॅरिसमध्ये वा अमेरिकेत मिळणार नाही. जवळच रायपूरला २०१२ पासून अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था आहे, आणि दुर्ग जिल्ह्यातच २०१६ साली स्थापन झालेली भारतीय तंत्रज्ञान संस्था आहे. भाराखाली हाड कसे खचते, हा प्रश्न जितका वैद्याचा तितकाच अभियंत्याचाही आहे.

कामाच्या वाटपाचा प्रश्न उरतो, आणि तो वैद्यांच्या हाती नाही. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ सालच्या कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे. परंतु ज्याचा खुबा आतून मेलेला आहे आणि चाल अद्याप सरळ आहे, तो पाहणाऱ्यास धडधाकट दिसतो. कायम नोकरीतील कर्मचाऱ्यास वैद्याच्या चिठ्ठीवर बैठे काम मिळू शकेल. कंत्राटी मजुरास ती चिठ्ठी दाखविल्यास दुसऱ्या दिवसापासून कामच मिळणार नाही, अशी भीती वाटते. म्हणून तो ती दाखवीत नाही, आणि शिड्या चढत राहतो. कंत्राटाच्या अटींतच अशा मजुरास त्याच मजुरीवर हलके काम देण्याचे कलम घालणे अवघड नाही. ते घातले जाईपर्यंत तपासणीचा लाभ गावातील अर्ध्याच लोकांना होईल.