दूध बंद, पेपर बंद, टपालाचे काय?



डिसेंबर उजाडला की अमेरिकेतल्या आपल्या मंडळातली निम्मी घरे भारताच्या वाटेला लागतात. निघण्याआधी फ्रीज रिकामा होतो, कुंड्यांना पाणी घालायला कोणीतरी ठरते. टपालपेटीची आठवण कोणालाच होत नाही. तिच्यातून जाहिरातींची चळत बाहेर डोकावू लागली की घर रिकामे असल्याचे परक्यालाही कळते. अमेरिकन पोस्टाची ‘होल्ड मेल’ ही सोय फुकट आहे: किमान ३, कमाल ३० दिवस टपाल पोस्टातच राहते. थांबते ते त्या पत्त्यावरचे सगळ्यांचेच, म्हणून खालच्या मजल्यावर भाडेकरू असेल तर त्याला आधी विचारा. यूपीएस, फेडेक्सची खोकी मात्र येतच राहतात. मुक्काम ३० दिवसांपेक्षा जास्त असेल, तर टपाल तात्पुरते दुसऱ्या पत्त्यावर वळवून घ्यावे.

ही झाली आपल्या घराची गोष्ट. आम्हांला काळजी आहे ती यवतमाळ, पुसद, वणीतल्या बंद घरांची. आई-बाबा सहा-सहा महिने इकडे येतात. निघताना दूधवाला, पेपरवाला, कामवाली बाई, सगळ्यांना सांगितले जाते; पोस्टात कोणी जात नाही. साधी पत्रे पोस्टमन फाटकातून आत टाकतो, ती पावसात भिजून फरशीला चिकटतात. त्यांचे फारसे नुकसान नाही. स्पीड पोस्टाचे वेगळे. ‘दार बंद’ असा शेरा पडतो, पाकीट साधारण सात दिवस पोस्टात थांबते आणि पाठवणाऱ्याकडे परत जाते. एटीएम कार्ड असेच बँकेत परतते. २०२५ पासून रजिस्टर्ड पोस्टही स्पीड पोस्टात विलीन झाले आहे. शेजारच्या काकू कितीही भल्या असल्या, तरी ज्याच्या नावचे टपाल त्याच्याच हाती द्यायचे असेल तेव्हा पोस्टमन ते त्यांच्याकडे कसे देणार?

यवतमाळकडे ज्यांची शेती आहे, त्यांनी तर फार जपायला हवे. सातबाऱ्यावर वारसाची किंवा खरेदीची नोंद घ्यायची झाली की तलाठी हितसंबंधितांना नोटीस काढतो. हरकतीला मुदत १५ दिवसांची. तुमचे बाबा तेव्हा न्यू जर्सीत नातवाला शाळेत सोडत असतात. मुदतीत हरकत आली नाही की फेरफार प्रमाणित व्हायला वाट मोकळी. पुढे अपील करता येते, पण त्यासाठी कचेरीचे खेटे कोण घालणार? ‘नोटीस मिळालीच नाही’ हा बचावही दरवेळी चालत नाही. न वटलेल्या धनादेशांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये सांगितले आहे, की योग्य पत्त्यावर रजिस्टर पोस्टाने पाठवलेली नोटीस घर बंद म्हणून परत आली तरी ती बजावली गेली असे धरता येते. तसे नव्हते हे दाखवणे ज्याच्या नावे ती आली त्याच्यावर.

आमच्या मते ‘शेजारी बघून घेतील’ हा भरवसा आता पुरत नाही. आई-बाबांच्या तिकिटाबरोबर तीन कामे लिहून ठेवा. पोस्टमास्तरांना लेखी अर्ज देऊन टपाल गावातल्याच एखाद्या नातेवाइकाच्या पत्त्यावर वळवा. आई-बाबांच्या नावचे टपाल घ्यायला त्या नातेवाइकाला सहीचे अधिकारपत्र द्या. आणि महसूल खात्याच्या ‘आपली चावडी’ या संकेतस्थळावर आपल्या गावाच्या फेरफार नोटिसा दर आठवड्याला इथूनच बघा. त्याला पैसे पडत नाहीत.

— संपादक