रंग जपावा, पण रॉड वापरावा



दोन शनिवार आमच्या वर्गात एकच वाद चालू आहे. वर्गातल्या एका मित्राच्या बाबांनी मासे पकडायचा रॉड खास बनवून घेतला होता. गडद निळा रंग, आणि मुठीच्या वर आजोबांनी स्वतः ब्रशने लिहिलेले घराण्याचे नाव, देवनागरीत. आजोबा मालवणचे, लहानपणापासून गरी घेऊन गरवायला जाणारे. आता ते नाहीत.

उन्हाळ्यात डॉर्सेटच्या चेसिल बीचवरून परतल्यावर रॉड ओलाच पिशवीत राहिला. आठवड्याने पाहिले तर एका कडीजवळ लेप पांढुरका झालेला आणि अक्षरांपाशी फुगलेला. बाबा म्हणाले, "आता हा भिंतीवरच टांगायचा."

वर्गातले निम्मे जण म्हणतात, बरोबर आहे. आम्हांला ते पटत नाही.

रॉडवर कड्या दोऱ्याने घट्ट बांधतात आणि वर इपॉक्सीचा पारदर्शक लेप देतात. तो ओघळू नये म्हणून वाळेपर्यंत रॉड हळूहळू फिरवत ठेवतात. एवढी मेहनत कशासाठी? पाणी, वाळू आणि हात लागणार म्हणूनच ना! आपल्या सावंतवाडीचा गंजिफा पाहा. दशावतारी गंजिफ्याची १२० गोल पाने हाताने रंगवतात आणि त्यांना लाखेचा लेप देतात, कारण ती खेळायची असतात. जे कपाटातच ठेवायचे, त्याला लेप हवाच कशाला?

म्हणून जपण्याची सवय लावून घ्यावी. समुद्रावरून आल्यावर रॉड नळाच्या गोड्या पाण्याने धुवावा, मऊ फडक्याने पुसावा आणि पूर्ण वाळल्यावरच पिशवीत घालावा. दगडगोट्यांवर आडवा टाकू नये. उन्हात तापलेल्या गाडीत ठेवू नये. स्कॉटलंडमध्ये चिलटांसाठी औषध लावतो, त्यात डीट असेल तर हात धुतल्याशिवाय रॉडला हात लावू नये. डीटने रंग आणि लेप खराब होतात. नेलपॉलिश काढायचे पाणी तर जवळही आणू नये. टवका उडालाच, तर ती जागा नीट वाळवून त्यावर पारदर्शक लेपाचा थेंब लावावा, म्हणजे पाणी आत शिरत नाही.

हे सगळे मिळून दहा-पंधरा मिनिटांचे काम. ते मुलांनी करावे, असे आमचे मत आहे. मित्राने परवा पहिल्यांदाच रॉड हातात घेऊन पुसला. अक्षरांवरून फडके फिरवताना त्याने आजोबांचे नाव अडखळत, पण स्वतः वाचले. भिंतीवर टांगला असता, तर ते वाचायला तो थांबला असता का?

तुम्हांला काय वाटते? पुढच्या अंकासाठी चार ओळी लिहून आणा. मराठीतच हं!