पाचांची फळी आणि एकाची जादू

ग्वाल्हेरचे कॅप्टन रूपसिंग स्टेडियम क्रिकेट पाहणाऱ्या बहुतेक मराठी माणसांना ठाऊक असते. २४ फेब्रुवारी २०१० रोजी सचिन तेंडुलकरने दक्षिण आफ्रिकेविरुद्ध एकदिवसीय सामन्यात दोनशे धावा केल्या त्या तिथेच. पण ते मैदान मुळात हॉकीचे होते आणि ज्यांचे नाव त्याला दिले ते रूपसिंग ग्वाल्हेर संस्थानाच्या सैन्यात होते, १९३२ आणि १९३६ या दोन्ही ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय संघाचे ‘लेफ्ट-इन’ होते, हे सांगायला लागले की ऐकणाऱ्याची गाडी एकाच ठिकाणी येऊन थांबते: ‘म्हणजे ध्यानचंदांचे धाकटे भाऊ ना?’ नाते खरे आहे, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती त्या प्रश्नामागे दडलेल्या समजुतीबद्दल. आपल्या हॉकीचे सुवर्णयुग म्हणजे एका जादूगाराची करामत आणि बाकीचे दहा जण केवळ संघ पुरा करायला, अशी ती समजूत आहे. ध्यानचंद थोर होतेच. पण जग ज्याच्यापुढे हरले ते सामर्थ्य एका काठीत नव्हते, पाच जणांच्या आघाडीच्या फळीत होते. आणि हे सिद्ध करायला रूपसिंगांइतका भक्कम साक्षीदार दुसरा नाही.

पूर्वपक्ष नीट मांडला पाहिजे, कारण तो दुबळा नाही. १९२८च्या अ‍ॅमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये भारताने पाच सामन्यांत २९ गोल केले, एकही खाल्ला नाही, आणि त्या २९ पैकी १४ एकट्या ध्यानचंदांचे. तेव्हा रूपसिंग संघात नव्हते. मग फळीचे कौतुक कशाला, असे कोणी विचारले तर तो प्रश्न झटकून टाकता येत नाही. याच्या जोडीला दंतकथांचा ढीग आहे: हॉलंडमध्ये म्हणे त्यांची काठी मोडून आत चुंबक आहे का ते पाहिले, बर्लिनमध्ये म्हणे हिटलरने त्यांना आपल्या सैन्यात बोलावले. या कथांना पुराव्यापेक्षा पुनरुक्तीचाच आधार जास्त आहे. तिसरी कथा १९३५ सालची, अ‍ॅडलेडची. तिथे डोनाल्ड ब्रॅडमन यांनी ध्यानचंदांना पाहून, हे तर क्रिकेटमधल्या धावांसारखे गोल करतात, असे म्हटल्याचे सांगतात. ही कथा खरी असो वा नसो, आपली चूक कुठे होते ते तिच्यातून नेमके कळते. धाव फलंदाजाच्या नावावर जमा होते आणि ती बऱ्याच अंशी त्याचीच असते. हॉकीतला गोलही आपण त्याच हिशेबाने मोजतो, शेवटचा स्पर्श ज्याचा त्याच्या खात्यात सगळी मिळकत टाकतो, आणि मग ज्याच्या खात्यात जास्त तोच जादूगार.

ठीक आहे, काही वेळ याच हिशेबाने चालू. १९३२, लॉस एंजेलिस. भारताने जपानला ११-१ आणि यजमान अमेरिकेला २४-१ असे हरवले. या ३५ गोलांची वाटणी अशी: रूपसिंग १३, ध्यानचंद १२, गुरमितसिंग ८, कार १ आणि पिनिजर १. अमेरिकेविरुद्धच्या सामन्यात धाकट्याचे दहा, थोरल्याचे आठ. म्हणजे ज्या स्पर्धेतल्या २४ गोलांचा आकडा जादूचा दाखला म्हणून सांगितला जातो, तिथे सर्वाधिक गोल ग्वाल्हेरच्या माणसाचे आहेत. १९२८ मध्ये जवळजवळ निम्मे गोल ध्यानचंदांचे होते. चार वर्षांनी त्यांचा वाटा तिसऱ्या हिश्श्यावर आला आणि संघाचे गोल मात्र वाढले. १९३५च्या ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंड दौऱ्याचे आकडेही असेच आहेत. संघाचे ५८४ गोल, त्यांपैकी ध्यानचंदांचे २०१. पुन्हा तिसरा हिस्साच. एक तृतीयांश ही अफाट कामगिरी आहे, त्यात शंका नाही. पण उरलेले दोन तृतीयांश कोणी केले याबद्दल आपल्याला जराही कुतूहल नसावे, याचे नवल वाटते.

इथे आक्षेप येतो की लॉस एंजेलिसला संघच मुळी तीन होते, मंदीमुळे बाकीचे आलेच नाहीत, आणि अमेरिकेच्या खेळाडूंना हॉकी नुकतीच कळू लागली होती. त्यांच्यावर दहा गोल केले तर त्यात काय मोठे? आक्षेप रास्त आहे. म्हणूनच रूपसिंग ध्यानचंदांपेक्षा श्रेष्ठ होते, असे त्या तेरा-बारावरून कोणी म्हणू नये. मीही म्हणत नाही. ध्यानचंद स्वतः रूपसिंगांना आपल्याहून सरस मानत, असेही पुष्कळदा सांगितले जाते, पण भावाच्या प्रेमाला पुरावा म्हणून उभे करण्यात अर्थ नाही. मात्र प्रतिस्पर्धी दुबळा होता हे कारण एकट्या रूपसिंगांच्या दहा गोलांना लावायचे आणि ‘२४-१’ ही जादू म्हणून मिरवायची, असा दुटप्पी न्याय चालणार नाही. आणि दुबळ्या संघापुढेही गोलांची वाटणी कशी झाली हे पाहण्यासारखे असतेच. त्या दोन सामन्यांत डावीकडचा ‘लेफ्ट-आऊट’ सय्यद जाफर याच्या नावावर एकही गोल नाही. क्रिकेटच्या फलकावर हा भोपळा ठरला असता. हॉकीत तो तसा का ठरत नाही, ते समजून घ्यायला काठीकडेच पाहावे लागते.

हॉकीची काठी एका बाजूने चपटी आणि दुसऱ्या बाजूने फुगीर असते, आणि चेंडू फक्त चपट्या बाजूने खेळायचा असतो. डावखुऱ्यासाठी उलटी काठी या खेळात नसते. सगळे उजव्या हाताचे. त्यामुळे खेळाडूच्या उजव्या पायापुढे असलेला चेंडू डावीकडे मारणे सहज जमते. उजवीकडे मारायचा तर पाय फिरवून, अंग वळवून चेंडूच्या पलीकडे जावे लागते किंवा काठी उलटी करून टोकाने ढकलावा लागतो. आता डाव्या बगलेने धावणाऱ्या माणसाची पंचाईत पाहा. गोल त्याच्या उजवीकडे, सेंटर-फॉरवर्ड उजवीकडे, म्हणजे त्याला जे काही करायचे ते सगळे अवघड बाजूला. ‘लेफ्ट-इन’ची अडचण तर दुहेरी. मधून, म्हणजे ध्यानचंदांकडून, येणारा चेंडू त्याच्या उजवीकडून येतो, काठीच्या चपट्या बाजूला पाठ करून. तो घ्यायचा तर खांदे वळवायचे, आणि घेतल्यावर पुन्हा उजवीकडेच, गोलवर, फटका मारायचा. डावीकडच्या जाफरचा पास मात्र थेट चपट्या बाजूवर येतो. म्हणून जाफर, रूपसिंग आणि ध्यानचंद हा त्रिकोण समजल्याशिवाय त्या काळचा खेळ समजत नाही. जाफर बचाव करणाऱ्यांना बगलेकडे ओढून नेई, चेंडू आत देई, आणि रूपसिंग अवघड कोनातून जोरदार फटका मारत किंवा मध्ये सरकवत. रूपसिंगांची कीर्ती होती ती या कोनांतून निघणाऱ्या फटक्यांचीच. जाफरचा भोपळा आणि रूपसिंगांचे तेरा यांच्याकडे एकत्रच पाहायला हवे.

यात ऑफसाइडचा नियम मिळवा, जो आता हॉकीतून पार गेला आहे. त्या काळी चेंडू पुढे दिला जात असताना तो घेणारा आणि गोलरेषा यांच्यामध्ये निदान तीन प्रतिस्पर्धी असावे लागत. ही संख्या दोनवर आली ती १९७२ मध्ये. म्हणजे मधल्या माणसाला गोलच्या तोंडाशी नेऊन उभे करायचे आणि बाकीच्यांनी त्याला चेंडू पुरवत राहायचे, ही सोय नव्हतीच. शिवाय गोल धरला जाई तो डीच्या आतून मारलेल्या फटक्याचाच. त्यामुळे पाचही जणांनी एका लयीत पुढे सरकायचे, आतल्या दोघांनी किंचित मागे राहून हाफबॅकशी दुवा सांधायचा, आणि पास असा सोडायचा की घेणारा अर्ध्या क्षणापूर्वी ऑफसाइड नसावा आणि अर्ध्या क्षणानंतर कोणाच्या हाती लागू नये. हा खेळ एकट्याला खेळताच येत नाही. ध्यानचंदांची थोरवी याच जागी शोधली पाहिजे. चुंबकाच्या कथेला काठीला चिकटलेला चेंडू तेवढा दिसतो. तो काठीवरून कधी आणि कोणाकडे सुटला, हे ती कथा सांगत नाही.

१९३६चा पुरावा याहून बोलका आहे. बर्लिनला पोहोचल्यावर १७ जुलैला जर्मनीविरुद्ध सरावाचा सामना झाला आणि भारत ४-१ असा हरला. कर्णधार ध्यानचंद होते, रूपसिंगही संघात होते. ते ‘जादूगार आहेत, ऑलिंपिकमध्ये होईल ठीक’ म्हणून स्वस्थ बसले नाहीत. उणीव कुठे आहे ते त्यांनी ओळखले: उजवीकडे आत, ‘राइट-इन’च्या जागी. तातडीने मायदेशी निरोप गेला, अली इक्तिदार शाह दारा यांना विमानाने बोलावले गेले, आणि ते फ्रान्सविरुद्धच्या उपांत्य सामन्याच्या वेळेला येऊन पोहोचले. तो सामना १०-० असा सुटला. १५ ऑगस्टच्या अंतिम सामन्यात फळी अशी होती: शहाबुद्दीन, दारा, ध्यानचंद, रूपसिंग, जाफर. मध्यंतराला भारत १-० असा पुढे होता. ध्यानचंदांनी उत्तरार्धात बूट काढून ठेवले ही गोष्ट पोरासोरांना पाठ आहे. पण मध्यंतरापूर्वीचा तो एकमेव गोल रूपसिंगांचा होता, हे किती जण सांगतील? शेवटी ८-१. त्यात जाफरचा गोल आहे, दारांचे आहेत, बचावातून आलेल्या टॅपसेलचाही आहे. ध्यानचंदांचे किती, यावर मात्र एकमत नाही. कोणी तीन सांगतो, कोणी सहा. ज्या सामन्यावर ही सगळी आख्यायिका उभी आहे त्यातच शेवटचा स्पर्श कोणाचा याचा पत्ता नक्की लागत नाही. फळी इतक्या वेगाने, इतकी एकजीव होऊन खेळत होती, एवढाच निष्कर्ष त्यातून मला काढावासा वाटतो.

खुद्द ध्यानचंदांची साक्ष काढायची तर ती आत्मचरित्रात आहे. १९५२ साली निघालेल्या त्या पुस्तकात त्यांनी आपला सर्वोत्तम सामना कोणता ते सांगितले आहे, आणि तो ना अ‍ॅमस्टरडॅमचा ना बर्लिनचा. तो १९३३च्या बायटन चषकाचा कलकत्त्यातला अंतिम सामना; झाशी हीरोज विरुद्ध कलकत्ता कस्टम्स. दोघे भाऊ झाशीकडून खेळत होते. सामन्यात एकच गोल झाला आणि तो ध्यानचंदांनी केला नाही. मैदानाच्या मधून त्यांनी लांब पास सोडला, इस्माईल तो घेऊन निम्मे मैदान धावला, कस्टम्सचा हाफबॅक आणि गोलरक्षक यांच्यात गोंधळ उडाला आणि इस्माईलने चेंडू आत घातला. ज्याच्या नावावर शेकडो गोल, त्याला आयुष्यातला सर्वांत प्रिय सामना कोणता, तर ज्यात त्याने दुसऱ्याला गोल करू दिला तो. जादूगार म्हणवला जाणारा माणूस स्वतः फळीचा पक्ष घेतो आणि त्याचे भक्त त्याचे म्हणणे ऐकत नाहीत, असा हा मामला आहे.

शेवटचा आणि सर्वांत लोकप्रिय आक्षेप असा की लोकांना एकच नाव लक्षात राहते, फळीची जयंती कोण साजरी करणार? २९ ऑगस्टला राष्ट्रीय क्रीडा दिन होतो, २०२१ पासून खेलरत्नही ध्यानचंदांच्या नावाने दिला जातो. त्यात वावगे काहीच नाही. पण लोकांना एकच नाव पेलते हे म्हणणे निदान ग्वाल्हेरबद्दल तरी कोणी करू नये. याच गावच्या हद्दू खाँ आणि हस्सू खाँ या भावांची नावे आपण दीडशे वर्षे जोडीनेच घेत आलो आहोत. त्यांच्या परंपरेतली गायकी बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी महाराष्ट्रात आणली तेव्हा त्यातला एकच भाऊ लक्षात ठेवावा असे कोणाला वाटले नाही. हॉकीत मात्र आपण थोरल्याला ठेवले आणि धाकट्याचे नाव पाटीवर लावून मोकळे झालो. फळीतल्या इतरांच्या वाट्याला पाटीही आली नाही. कार रेल्वेचा माणूस, जाफर लाहोरचा, गुरमितसिंग पंजाबचा. सैन्य, संस्थान, रेल्वे आणि कॉलेज यांनी पोसलेले हे खेळाडू व्यावसायिक नव्हते, पण त्यांच्या पोटाची सोय खेळामुळेच झाली होती. ती सोय करणाऱ्या संस्थानांत ग्वाल्हेरचा वाटा होता, हेही या कथेतून गळून पडले.

आणि जादूगारच सगळे करत होता, तर तो गेल्यावर काय व्हायला हवे होते? युद्धामुळे १९४० आणि १९४४ची ऑलिंपिक झाली नाहीत, त्यामुळे अठ्ठाविशीही न गाठलेल्या रूपसिंगांची ऑलिंपिक कारकीर्द बर्लिनलाच संपली. जाफर १९३७ मध्ये वारले. फाळणीनंतर दारा पाकिस्तानात गेले आणि १९४८च्या लंडन ऑलिंपिकमध्ये पाकिस्तानचे कर्णधार झाले. जुनी फळी पार मोडली होती, ध्यानचंद नव्हते, आणि तरी भारताने लंडनमध्ये अंतिम सामन्यात ब्रिटनला ४-० असे हरवले. कर्णधार होते मध्य भारतातल्या महूचे किशनलाल, ‘राइट-आऊट’च्या जागेवरचे. मग हेलसिंकी, मग मेलबर्न. एका माणसाची करामत असती तर ती त्याच्याबरोबर संपली असती. फळी बांधायची रीत होती, म्हणून ती नव्या पाच जणांच्या हाती गेली. यावर हेलसिंकीचे उदाहरण पुढे येणार, हे माहीत आहे: १९५२च्या अंतिम सामन्यात हॉलंडविरुद्धच्या भारताच्या सहापैकी पाच गोल बलबीरसिंगांचे होते. त्या आकड्यावरून पुन्हा नवा जादूगार घडवायला निघालेल्यांनी त्या संघाचे कर्णधार के. डी. सिंग ‘बाबू’ कुठल्या जागी खेळत होते आणि चेंडू कोणाला देत होते, तेवढे आधी पाहून घ्यावे.