रायफलीवरील लहान शक्तीची दुर्बीण आणि पिकांची राखण

रानडुकरें व रोही यांच्या उपद्रवामुळें मका, तूर, भुईमूग, हरभरा हीं पिकें घरांत येणें किती दुरापास्त झालें आहे, हें या मासिकाच्या वाचकांस सांगावयास नको. ज्यांच्यापाशीं रायफलीचा परवाना आहे अशा थोड्या लोकांचें लक्ष त्यामुळें हल्लीं रायफलीवर बसवावयाच्या दुर्बिणीकडे वळलें आहे. ती घेतांना बहुतेक जण एकच प्रश्न विचारतात : "किती पट मोठें दिसतें?" आमच्या मतें हा प्रश्न उलट्या टोकानें विचारलेला आहे. शेतांतील कामास जी दुर्बीण खरी उपयोगी, तिची योग्यता ती कमींत कमी किती मोठें दाखविते यावरून ठरते.

प्रथम कायद्याविषयीं दोन शब्द. जन्मभर महसूल खात्यांत कारकुनी केल्यामुळें हा भाग गाळून पुढें जाणें आम्हांस जमत नाहीं. १९५९ च्या हत्यारांच्या कायद्यांतील १३ व्या कलमाप्रमाणें पीकसंरक्षणासाठीं मुख्यतः ठासणीची बंदूक मिळते. ती अपुरी पडेल अशी अधिकाऱ्याची खात्री पटल्यास गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक मिळूं शकते. रायफलीस निराळें सबळ कारण दाखवावें लागतें. ठासणीच्या बंदुकीवर दुर्बीण चढविणें म्हणजे छकड्यास मोटारीचे दिवे लावणें होय. त्या भानगडींत कोणी पडूं नये. दुसरें असें कीं, बंदुकीचा परवाना म्हणजे जनावर मारण्याचा परवाना नव्हे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या ११ व्या कलमान्वयें उभ्या पिकास धोकादायक झालेलें जनावर मारण्यास वनखात्याच्या अधिकृत अधिकाऱ्याचा लेखी हुकूम लागतो, व त्या हुकुमांतील अटी अक्षरशः पाळाव्या लागतात. दुर्बीण विकत घेण्यापूर्वींही जिल्हा कचेरींत चौकशी करावी, आणि उत्तर तोंडी न घेतां लेखी घ्यावें.

आतां मूळ विषयाकडे वळूं. या जातीच्या दुर्बिणींत कडें फिरवून शक्ति एक पटीपासून चार, सहा, आठ, क्वचित् दहा पटीपर्यंत बदलतां येते. २०२० सालीं अमेरिकेच्या मरीन दलानें आपल्या रायफलींसाठीं एक ते आठ पटीची दुर्बीण पसंत केली, तेव्हांपासून या जातीचा बोलबाला अधिकच वाढला. परंतु सैनिकाची गरज वेगळी व मक्याच्या कडेला मचाणावर बसणाऱ्याची वेगळी. एक पटीवर १०० यार्डांवरील सुमारें १०० फूट रुंदीचा देखावा भिंगांत मावतो. सहा पटीवर तोच सतरा ते वीस फुटांवर येतो. आपलें जनावर बहुधा तीस यार्डांवर निघतें. तेथें सहा पटीवर जेमतेम पांच सहा फूट दिसतात, म्हणजे नुसती एक काळी पाठ! पुढें काय, मागें काय, बाजूला पिलें आहेत कीं माणूस, कांहींच कळत नाहीं. म्हणून कडें नेहमीं एकावर ठेवून बसावें व दोन्ही डोळे उघडे ठेवून पाहण्याची संवय करावी. लांबचें व स्थिर जनावर असेल तरच शक्ति वाढवावी.

संध्याकाळीं तर हा नियम अधिकच लागू पडतो. पुढच्या भिंगाचा व्यास शक्तीनें भागला असतां डोळ्यांत शिरणाऱ्या प्रकाशझोताची रुंदी मिळते. भिंग २४ मिलिमीटरचें असेल तर चार पटीवर ती ६ येते, सहा पटीवर ४, आठ पटीवर अवघी ३. तरुण माणसाची बाहुली अंधारांत सातपर्यंत उघडते. आमच्यासारख्या पन्नाशी उलटलेल्यांची पांचाच्या आसपासच थांबते. अर्थात् दिवेलागणीस शक्ति पांचाच्या पुढें नेली कीं देखावा मळकट होऊं लागतो, आणि विकत घेतलेली जास्तीची शक्ति नेमकी गरजेच्या वेळीं कुचकामी ठरते. मध्यावरचा दिवा ज्यांत आहे त्यांनीं तो दिसेल न दिसेल इतका मंद ठेवावा.

दुर्बीण बसवितांना कडें सर्वांत मोठ्या शक्तीवर ठेवून डोळ्याचें अंतर ठरवावें, कारण तेथें डोळा जरा सरकला तरी देखावा नाहींसा होतो. तें अंतर साडेतीन इंचांच्या सुमारास असतें. कमी ठेवल्यास ३१५ बोअरची रायफल झटक्यासरशीं भुवई फोडते. नंतर मोकळ्या आभाळाकडे (सूर्याकडे चुकूनही नव्हे) पाहून मागील भिंग फुली ठळक दिसेपर्यंत फिरवावें. फार वेळ टक लावूं नये, कारण डोळाच अंधुक फुलीशीं जुळवून घेतो आणि फसवितो.

नेम प्रथम ५० यार्डांवर, परवानगीच्या जागीं व मागें मातीचा उंच बांध पाहूनच जुळवावा. तीन काडतुसें झाडून त्यांचा मध्य पाहावा, एकाच गोळीवरून फिरकी फिरवूं नये. पाव मिनिटाच्या फिरकीस १०० यार्डांवर पाव इंच फरक पडतो. ५० यार्डांवर एक इंच सरकविण्यास आठ टिचक्या लागतात. फुलीखालच्या बारीक खुणा पुष्कळ दुर्बिणींत एकाच शक्तीवर, बहुधा सर्वांत मोठ्या शक्तीवर, खऱ्या असतात. शेताच्या अंतरास त्यांची गरजही नाहीं. मधला बिंदु पुरे.

सर्वांत भयंकर प्रकार म्हणजे रायफलीच्या दुर्बिणींतून शेत न्याहाळणें. भिंगांतून पाहावयाचें म्हणजे नळी तिकडे रोखावयाची, हें सुद्धां कित्येकांच्या लक्षांत येत नाहीं! संध्याकाळीं बांधावर घोंगडी पांघरून बसलेला शेजारचा जागल्या, किंवा वांकून गवत कापणारी बाई, तीस चाळीस यार्डांवरून कशी दिसते हें ज्यानें त्यानें एकदां रिकाम्या हातीं जाऊन पाहावें. ओळख पटविण्याचें काम सात आठ पटीच्या हातांतील दुर्बिणीचें व विजेरीचें आहे. ज्याच्यापाशीं तीं नाहींत त्यानें रायफलीची दुर्बीण घेऊंच नये, असें आमचें स्पष्ट मत आहे. आधीं तो खर्च करावा. रायफलीची गोळी मैलाच्याही पलीकडे जाते. म्हणून मचाणावरून खालीं, चुकली तरी गोळी जमिनींत शिरेल अशाच बाजूस झाडावी. सपाट बांधावर बसून वस्तीकडे तोंड करून केव्हांही झाडूं नये.

दुर्बीण मोटारसायकलवर हिसके खात आली असेल तर राखणीस बसण्यापूर्वीं नेम पुन्हां तपासावा व कड्यांचे स्क्रू पाहावेत. भिंगावरील धूळ धोतराच्या सोग्यानें पुसूं नये, मऊ कुंचल्यानें झाडावी. आणि हंगाम संपल्यावर दिव्याची बॅटरी काढून ठेवावी, म्हणजे पावसाळ्यांत ती आंत पाझरत नाहीं.