माणूस स्वस्त, तोवर प्रगती खोटी

धरणांची उंची आणि कारखान्यांची धुराडी मोजून देशाची प्रगती सांगणाऱ्यांना आमचा रोखठोक सवाल आहे: ज्या शहराच्या गटारात माणूस गुदमरून मरतो, ते शहर प्रगत कसे?

संविधानाच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली. हाताने मैला उपसण्याविरुद्ध १९९३ व २०१३ साली कायदे झाले. गटारात बळी गेलेल्याच्या वारसांस १० लाख रुपये द्यावेत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली दिला. २०२३ साली ती रक्कम ३० लाख करावी लागली. भरपाई वाढली, पण मरण थांबले काय?

यंत्रे असताना माणूस का उतरविला जातो? कारण जातीने त्याचा जीव यंत्राहून स्वस्त करून ठेवला आहे. जेथे माणूस असा स्वस्त मिळतो, तेथे सुधारणेची निकड कोणास भासणार? बापामागून मुलगा त्याच कामास जुंपला जातो आणि देश एका शिक्षकास, एका कारागिरास मुकतो.

‘विकास आधी, हक्क मागाहून’ म्हणणे म्हणजे पायाविना कळस चढविणे होय. बंधुभगिनींनो, कायदा आपल्या बाजूस आहे. आपल्या नगरपालिकेस जाब विचारा. मुलांच्या हाती झाडू नव्हे, पुस्तक द्या!